फवारणीच्या औषधांचे अवशेष, सरकारी मर्यादा व हरकतीची मुदत

ज्याच्या नांवें सातबारा आहे त्यास फेरफाराची नोटीस म्हणजे काय, हें नव्यानें सांगावयास नको. आमच्या नोकरीच्या काळांत नोंद मंजूर होण्यापूर्वीं तलाठी चावडीवर नोटीस लावी, हितसंबंधी मंडळींस हरकत घेण्यास मुदत दिली जाई, आणि मुदतींत कोणी पुढें न आल्यास नोंद कायम होई. तालुका कचेरींत बसून असे कित्येक गृहस्थ आम्हीं पाहिले कीं, ज्यांनीं चावडीवरील कागद वाचला नाहीं, आणि नोंद कायम झाल्यावर अपिलांपायीं वर्षानुवर्षें हेलपाटे घातले. त्यांची बाजू खोटी होती असें नव्हे. ती वेळेवर कागदावर आली नाहीं, एवढाच तिचा दोष होता.

अशाच जातीची, परंतु एका सर्व्हे नंबरापुरती नव्हे तर अवघ्या देशांतील पिकांस लागू होणारी, एक नोटीस सरकारकडून वेळोवेळीं निघत असते. धान्य, भाजीपाला, फळें, मसाले इत्यादि खाद्य पदार्थांत फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिलेला चालेल याच्या मर्यादा सरकार ठरवितें, नव्या माहितीप्रमाणें त्या पुन्हां तपासतें, आणि बदल करण्यापूर्वीं त्याचा मसुदा भारताच्या राजपत्रांत प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवितें. हा मसुदा चावडीवर लागत नाहीं. तो हिंदी व इंग्रजी भाषांत निघतो, आणि शेतकरी हंगामाच्या गर्दींत असतांना त्याची मुदत टळून जाते. ही मर्यादा काय आहे, ती कशी ठरते, आणि तींत शेतकऱ्यानें आपलें म्हणणें कां व कसें मांडावें, एवढेंच या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

औषध पानावर पडलें म्हणजे त्याचा कांहीं भाग ऊन, पाऊस व वारा यांनीं नाहींसा होतो, कांहीं भाग झाडाच्या अंगांतील क्रियांनीं मोडतो, आणि उरलेला अंश फळाबरोबर काढणीस येतो. या उरलेल्या अंशास अवशेष म्हणतात. मालांत जास्तींत जास्त किती अवशेष कायद्यानें चालेल, त्या आंकड्यास कमाल अवशेष मर्यादा हें नांव आहे. द्राक्ष बागाईतदार तिला ‘एम.आर.एल.’ याच नांवानें ओळखतात. ती एका किलो मालांत किती मिलिग्रॅम, अशी सांगतात. किलोस एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग, किलोस ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटींत एक भाग. या दुसऱ्या हिशोबानें दहा टन माल भरलेल्या मालमोटारींत सारें मिळून एक दशांश ग्रॅम औषध चालतें. सोनाराच्या जुन्या वजनांत सांगावयाचें तर एका गुंजेहूनही तें किंचित् कमीच भरेल. यावरून मर्यादा किती बारीक असते याची कल्पना यावी.

ही मर्यादा कोणी मनानें ठरवीत नाहीं. तिच्या मागें दोन हिशोब असतात. एक शेतांतला व दुसरा ताटांतला. शेतांतला हिशोब असा कीं, शिफारशीप्रमाणें औषध, शिफारशीचेंच प्रमाण, आणि शेवटच्या फवारणीनंतर ठराविक दिवस थांबून काढणी, अशा रीतीनें निरनिराळ्या ठिकाणीं प्रयोग करून मालांत किती अंश उरतो तें मोजतात. ताटांतला हिशोब असा कीं, प्राण्यांस रोज किती मात्रा दिली असतां कांहीं अपाय दिसत नाहीं तें पाहतात, आणि ती मात्रा सामान्यतः शंभरानें भागून माणसास जन्मभर रोज चालेल अशी मात्रा काढतात. उदाहरणादाखल कल्पित आंकडे घेऊं. प्राण्यांच्या वजनाच्या दर किलोस रोज १ मिलिग्रॅम दिलें असतां अपाय नाहीं असें ठरलें, तर माणसासाठीं ०.०१ मिलिग्रॅम धरावयाचें. पन्नास किलो वजनाच्या मनुष्यास रोजचें अर्धा मिलिग्रॅम झालें. द्राक्षांत किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम अंश असेल, तर तेवढें पोटांत जाण्यास त्यानें रोज दहा किलो द्राक्षें खावीं लागतील. पंधरा किलोच्या मुलास मात्र तीन किलोच पुरतील. आणि माणूस केवळ द्राक्षें खात नाहीं, तेंच औषध भाजींतून व धान्यांतूनही येऊं शकतें. म्हणून सगळ्या ताटाची बेरीज करावी लागते. शेतांतला आंकडा या बेरजेंत बसला, तरच मर्यादा मंजूर होते.

यावरून दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा त्याच दिवशीं आजारी पडेल असें नव्हे, परंतु माल कायद्याबाहेर गेला हें निश्चित. आणि दुसरें, मर्यादेच्या आंकड्यांत शेतकऱ्याची रीत आधींच गोंवलेली असते. ती रीत सांगणारा कोणी नसेल, तर आंकडा दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरतो.

आंकडा बदलला असतां शेतावर काय होतें, हें एका सोप्या हिशोबानें कळेल. समजा, फवारणीच्या दिवशीं फळावर किलोमागें ४ मिलिग्रॅम अंश आहे व तो दर तीन दिवसांनीं निम्मा होतो. मर्यादा ०.५ असेल, तर नऊ दिवसांनीं माल काढण्यास हरकत नाहीं. तीच मर्यादा ०.०५ झाली तर सुमारें एकोणीस दिवस थांबावें लागेल, आणि ०.०१ झाली तर सव्वीस दिवस. कागदावर एक शून्य वाढलें. शेतावर दहा दिवस वाढले. द्राक्षाच्या बागाईतदारास वेळापत्रक पुढें-मागें करून हें एखादे वेळीं साधेल. परंतु ज्याची भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, त्यानें एकोणीस दिवस थांबावयाचें म्हणजे त्या पिकावर तें औषध सोडून द्यावयाचें, असाच त्याचा अर्थ होतो. सोडून देणें कदाचित् योग्यही असेल. पण मग त्या किडीवर दुसरें काय मारावें, याचा विचार मर्यादा ठरण्यापूर्वीं झाला पाहिजे.

आतां कायद्याकडे वळूं. आमच्या देशांत हा विषय दोन कायद्यांत वांटलेला आहे. सन १९५८ मध्यें केरळांत पॅराथिऑन नांवाचें विषारी औषध मिसळलेलें पीठ खाण्यांत येऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या अनर्थानंतर सन १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. कोणतें औषध कोणत्या पिकावर, किती प्रमाणांत वापरण्यासाठीं विकावें, याची नोंदणी त्या कायद्याखालील नोंदणी समिति करते. डब्यावरील चिठ्ठीवर पीक, प्रमाण व काढणीपूर्वीं थांबण्याचे दिवस छापलेले असतात, ते या नोंदणीमुळें. मालांतील अवशेषाची मर्यादा मात्र सन २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालीं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवितें. त्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणें ठरविलेल्या मर्यादेहून अधिक अवशेष कोणत्याही खाद्य पदार्थांत असतां कामा नये.

याच कायद्याचें कलम १८ प्रत्येक शेतकऱ्यानें एकदां वाचून घ्यावें. नियम करतांना देशांतील शेतीच्या प्रचलित रीति प्राधिकरणानें विचारांत घ्याव्या, असें त्यांत स्पष्ट आहे. नियमांची तयारी, परीक्षण व दुरुस्ती चालूं असतां लोकांशीं उघड विचारविनिमय करावा, तो प्रत्यक्ष करावा किंवा सर्व पातळ्यांवरील पंचायती धरून प्रातिनिधिक संस्थांमार्फत करावा, असेंही त्यांत म्हटलें आहे. तातडीच्या प्रसंगीं तेवढा अपवाद ठेवलेला आहे. शिवाय, पूर्वप्रसिद्धि देऊन करावयाच्या नियमांस सन १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाचें कलम २३ लागू होतें. त्याप्रमाणें मुदतींत आलेली हरकत वा सूचना विचारांत घेणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मान्य करणें बंधनकारक नाहीं, हा भेद आमच्या वाचकांनीं विसरूं नये. परंतु जी हरकत आलीच नाहीं, ती विचारांत तरी कशी घ्यावी?

कित्येक मंडळी असें म्हणतात कीं, कलम १८ मध्येंच शेतकरी व त्याच्या शेतावरील माल यांस हा कायदा लागू नाहीं असें लिहिलें आहे, मग आम्हांस काय त्याचें? म्हणणें अक्षरशः खरें आहे. शेतावर शेतकऱ्यास दंड नाहीं. परंतु माल शेताबाहेर पडून व्यापाऱ्याच्या हातीं गेला कीं कायदा त्याच्या मागें लागतो, आणि व्यापारी आपली जोखीम भावांतून वसूल करतो. दंडाची पावती दुसऱ्याच्या नांवें फाटली तरी पैसा आपल्याच गांठीचा जातो.

दुसरी एक बाब याहून नाजूक आहे. एखाद्या औषधाची एखाद्या पिकावर मर्यादाच ठरलेली नसेल तर तेथें मोकळीक आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. जेथें मर्यादा ठरलेली नाहीं तेथें सामान्य नियम म्हणून किलोस ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरली जाते. आमच्याकडेही, आणि युरोपांतही. म्हणजे मौनास देखील एक आंकडा आहे, आणि तो सर्वांत कडक आहे. कापूस वा भात यांसारख्या पिकांसाठीं प्रयोगांचा खर्च करणें कंपनीस परवडतें. दोन-चार तालुक्यांतच होणाऱ्या पिकासाठीं तो खर्च करण्याचा उत्साह तिला नसतो. अशा पिकाचा शेतकरी स्वतः बोलला नाहीं, तर त्याच्या बाजूनें बोलणारा कोणीही उरत नाहीं.

हें सारें दूरचें वाटत असेल, तर आपल्या द्राक्षांचा इतिहास आठवावा. सन २००३ मध्यें मेथोमिल या औषधाच्या अवशेषांमुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी व प्रत्येक मालाची प्रयोगशाळेंत तपासणी अशी व्यवस्था अपेडामार्फत सुरूं झाली, आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत त्यासाठीं मुख्य प्रयोगशाळा झाली. तरीही सन २०१० च्या हंगामांत पुन्हां संकट आलें. या वेळीं कारण होतें क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची वाढ आंवरण्यासाठीं बागाईतदार वापरीत आलेलें ‘सी.सी.सी.’. युरोपांत द्राक्षांस त्याची मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम होती. आमच्या तपासणीच्या यादींत तें तोंवर नव्हतेंच. बागाईतदारानें चोरून कांहीं केलें नव्हतें. प्रयोगशाळेचा दाखला हातीं घेऊन माल जहाजावर चढला, आणि परक्या बंदरांत नापास झाला. वर्षाची मेहनत व डोक्यावरचें कर्ज यांचा हिशोब ज्यांनीं त्या साली केला, त्यांस मर्यादा म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको.

हरकतीच्या मुदतीचें मोल सांगणारें दुसरें उदाहरण सन २०२० चें आहे. त्यापूर्वीं, सन २०१३ मध्यें, परदेशांत बंदी असून आमच्याकडे चालूं असलेल्या ६६ औषधांचा फेरविचार करण्यासाठीं डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली होती. सन २०१८ मध्यें १८ औषधांच्या बंदीचा आदेश निघाला. पुढें दि. १४ मे २०२० रोजीं आणखी २७ औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा निघाला. मॅन्कोझेब, कॅप्टान, कार्बेन्डाझिम, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट, टू-फोर-डी, पेंडिमिथेलिन अशीं घराघरांत माहीत असलेलीं नांवें त्यांत होतीं. हा मसुदा मर्यादेचा नसून बंदीचा होता, परंतु रीत तीच. प्रथम ४५ दिवसांची मुदत होती, ती पुढें ९० दिवसांची झाली. हरकती आल्या, त्यांचा विचार करण्यासाठीं आणखी एक समिति बसली, आणि सन २०२३ मध्यें जो आदेश निघाला त्यांत २७ पैकीं डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिल या तिघांवर पूर्ण बंदी आली, मोनोक्रोटोफॉसचें ३६ टक्क्यांचें द्रावण बंद करण्याचें ठरलें, आणि इतर कांहीं औषधांचा वापर ठराविक पिकांवरून काढून टाकण्यांत आला. मसुदा व आदेश यांत केवढें अंतर पडूं शकतें, तें यावरून दिसेल. द्राक्षांस सन २००३ मध्यें ज्यानें अडविलें तें मेथोमिल बंद होण्यास वीस वर्षें लागलीं, हेंही ध्यानांत घ्यावें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. तो मसुदा आमच्या हातीं पडला तेव्हां मुदत संपून गेली होती. टाळेबंदीचे दिवस होते हें खरें. पण जन्मभर दुसऱ्यांच्या हरकती मुदतींत आल्या कीं नाहींत हें पाहून शेरा मारणारे आम्ही, स्वतःच्या शिवाराच्या बाबतींत गाफील राहिलों. कंपन्यांनीं आपलीं म्हणणीं मांडलीं होतीं. कंपनीचें हित व शेतकऱ्याचें हित कांहीं ठिकाणीं एक असतें, कांहीं ठिकाणीं अगदीं निराळें. कंपनीस आपला माल बाजारांत टिकावा असें वाटतें. शेतकऱ्यास कीड आटोक्यांत यावी, खर्च झेपावा आणि पिकलेला माल कोठेंही नापास होऊं नये असें वाटतें. म्हणून आपलें वकीलपत्र दुसऱ्यास देऊन स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे. परदेशी सरकारें देखील स्वस्थ बसत नाहींत. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणें अशा मसुद्यांची सूचना इतर सभासद देशांस द्यावी लागते, आणि अभिप्रायासाठीं सामान्यतः ६० दिवस ठेवतात. आमच्या भेंडीच्या मर्यादेवर सातासमुद्रांपलीकडील सरकार अभिप्राय देऊं शकतें. मग भेंडी पिकविणारानेंच कां गप्प राहावें?

आतां हरकत कशी लिहावी, तें सांगतों. प्रथम मसुद्याचा क्रमांक, तारीख व त्यांतील नेमकी बाब लिहावी. ‘आपल्या नव्या नियमाविषयीं’ अशी मोघम सुरुवात करूं नये. नंतर आपलें पीक, क्षेत्र व गांव लिहावें. त्यापुढें औषध कोणत्या किडीवर वा रोगावर, किती प्रमाणांत, हंगामांत किती वेळां आणि काढणीपूर्वीं किती दिवस अगोदर मारतों, तें खरें खरें लिहावें. मालाची तपासणी करविली असल्यास तिच्या अहवालाची प्रत जोडावी. तें औषध गेलें वा मर्यादा घटली तर दुसरें काय वापरावें लागेल, त्यास एकरीं किती अधिक खर्च येईल, आणि पर्याय नसल्यास तसें, हें लिहावें. शेवटीं आपलें मागणें एका वाक्यांत सांगावें. हें सर्व दोन पानांत बसतें. मसुद्यांत दिलेल्या पत्त्यावर तें स्पीड पोस्टानें व ई-मेलनेंही पाठवावें, आणि पोंच व प्रत दप्तरीं ठेवावी. मुदत बहुधा ६० दिवसांची असते, परंतु प्रत्येक मसुद्यांत ती पाहून घ्यावी. शेवटच्या दिवसाची वाट पाहूं नये.

अशी हरकत लिहावयाची तर फवारणीची वही पाहिजे. तारीख, औषध, प्रमाण, टाकी किती व काढणीचा दिवस, एवढ्या पांच घरांची वही प्रत्येक खातेदारानें ठेवावी. पुरावा नसलेली तक्रार कचेरींत कशी वाचली जाते, हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. शंभर जणांच्या सहीच्या एका अर्जापेक्षां दहा जणांच्या तीन हंगामांच्या वह्या अधिक बोलतात.

मात्र प्रत्येक मर्यादा सैल करा असें ओरडणें म्हणजे हरकत घेणें नव्हे. तो माल आपल्याही घरांत शिजतो, आणि पंधरा किलोचें तें मूल आपलेंही असतें. जेथें औषध खरोखर घातक आहे तेथें ‘हें बंद करा, पण पर्याय व पुरेशी मुदत द्या’ असें लिहिणें हीही सूचनाच आहे. तसेंच, अवशेषाची मर्यादा खाणारास जपते, फवारणारास नव्हे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक माणसें मेलीं. मालांतील अवशेषाचा कोणताही आंकडा त्यांस वांचवूं शकला नसता. फवारणाराच्या सुरक्षिततेचें म्हणणें औषधाच्या नोंदणीच्या किंवा बंदीच्या मसुद्यावर निराळें मांडावें.

शेवटीं आमची संस्थेस एक सूचना आहे. राजपत्रांत निघणारे मसुदे पाहण्याचें काम संस्थेनें एका इंग्रजी जाणणाऱ्या तरुण सभासदाकडे सोंपवावें. आपल्या पिकांस लागू होणारा मसुदा निघतांच त्याचा मराठी सारांश व मुदतीची अखेरची तारीख या मासिकांत व संस्थेच्या फळ्यावर लावावी. आणि मुदतींत सभा घेऊन, सभासदांच्या वह्यांवरून संस्थेचें म्हणणें तयार करून पाठवावें. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असल्यास उत्तम, कारण कायद्यानेंच पंचायतीचें नांव घेतलें आहे. ज्या पिकाची मर्यादा ठरलेलीच नाहीं, त्याच्यासाठीं कृषि विद्यापीठाकडे प्रयोगाची मागणीही संस्थेनेंच करावी. पुढील मासिक सभेंत हा विषय घेतल्यास वह्यांचीं घरें आंखून देण्याचें व अर्जांचा नमुना करून देण्याचें काम आम्ही आनंदानें पत्करूं. चावडीवरचा एक कागद आमच्याकडून वाचावयाचा राहिला. दुसरा राहूं नये.